दिल्लीचे मास्टर रामचंद्र

दिल्लीस जाणारे आपले बंधुभगिनी लाल किल्ला पाहतात, कुतुबमिनार पाहतात आणि परततात. काश्मीरी गेटजवळच्या सेंट जेम्स चर्चकडे फारच थोड्यांची पावले वळतात. कर्नल जेम्स स्किनर यांनी स्वखर्चाने बांधलेले आणि १८३६ साली उपासनेसाठी समर्पित झालेले हे घुमटाचे मंदिर दिल्लीतील जुन्या मंदिरांपैकी एक होय. आतील भिंतींवर अनेक स्मृतिशिला आहेत. बहुतेक इंग्रजांच्या आहेत. एक मात्र डॉ. चिमणलाल या भारतीय ख्रिस्ती वैद्यांची आहे. सन १८५७ च्या मे महिन्यात दिल्लीतील ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली, त्या दिवशी विश्वासासाठी त्यांचा प्राण गेला, अशी तिच्यावर नोंद आहे.

याच मंदिरात रविवार, ११ जुलै १८५२ रोजी चिमणलाल यांच्याबरोबर आणखी एका गृहस्थाने बाप्तिस्मा घेतला होता. ते दिल्ली कॉलेजातील शास्त्रविषयांचे शिक्षक रामचंद्र. शहर त्यांना मास्टर रामचंद्र म्हणून ओळखत असे. चिमणलाल रक्तसाक्षी झाले, रामचंद्र वाचले. रक्तसाक्ष्याचे धैर्य एका दिवसात सिद्ध होते व दगडावर कोरले जाते. जो वाचतो त्याला पुढे वर्षानुवर्षे जगावे लागते, आणि त्याचे धैर्य कोणत्या प्रसंगी कसोटीस लागेल हे त्याला ठाऊक नसते. रामचंद्रांच्या चरित्रात हे फार स्पष्ट दिसते, म्हणून ते आपल्या वाचकांसमोर ठेवावेसे वाटले.

रामचंद्रांचा जन्म १८२१ सालचा. घराणे दिल्लीच्या माथुर कायस्थांचे. वडील सुंदरलाल महसूल खात्यात नोकरीस होते. रामचंद्र दहा वर्षांचे असतानाच ते वारले. मागे विधवा माता आणि सहा मुलगे. अशा स्थितीतही त्या माऊलीने मुलाला शिकविले. १८३३ साली रामचंद्र दिल्लीच्या सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झाले. त्याआधीच, अकराव्या वर्षाच्या सुमारास, त्यांचा विवाह उरकला होता. वधू मूकबधिर होती. शाळा सुटल्यावर काही काळ कारकुनी करावी लागली. पण शिकण्याची ओढ सुटेना, म्हणून १८४१ साली ते पुन्हा कॉलेजात आले. तीनच वर्षांत, १८४४ साली, त्याच कॉलेजच्या पौर्वात्य विभागात पाश्चात्त्य शास्त्रे उर्दूतून शिकविण्यासाठी त्यांची नेमणूक झाली.

मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी मराठीतून जे काम आरंभिले होते, त्याच जातीचे काम दिल्लीत रामचंद्र उर्दूतून करू लागले. बीजगणित, त्रिकोणमिति, कलनशास्त्र अशा विषयांवरील पुस्तके त्यांनी उर्दूत आणली. ज्या भाषेत एखादी कल्पनाच नाही तिच्यात त्या कल्पनेला शब्द शोधणे म्हणजे काय, हे भाषांतराचे काम करणारालाच कळेल! १८४५ साली त्यांनी ‘फवाइद-उल-नाज़रीन’ हे नियतकालिक सुरू केले आणि दोनच वर्षांनी एक मासिकही काढले. त्यांतून ते शास्त्र, इतिहास, समाजसुधारणा या विषयांवर लिहीत. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे त्यांनी वर्गात शिकविताच जुन्या अरबी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांत कुजबुज सुरू झाली. शहरातील काही विद्वानांना हा तरुण कायस्थ शिक्षक आवडत नव्हता. रामचंद्रांनी शिकविणे थांबविले नाही.

१८५० साली त्यांनी गणितावर एक स्वतंत्र ग्रंथ इंग्रजीत लिहून स्वतःच्या पैशाने कलकत्त्यास छापला. एखाद्या राशीचे मोठ्यात मोठे किंवा लहानात लहान मूल्य काढण्यासाठी सामान्यतः कलनशास्त्र लागते. ते केवळ बीजगणिताने कसे काढावे, हा त्याचा विषय. साधे उदाहरण घेऊ. दहाचे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार जास्तीत जास्त यावा. रामचंद्रांच्या रीतीने तो गुणाकार अमुक एक आहे असे धरून वर्गसमीकरण मांडावयाचे. गुणाकार पंचविसाहून अधिक धरला तर समीकरणाला वास्तव उत्तरच उरत नाही. म्हणून पंचवीस हीच मर्यादा, आणि भाग पाच व पाच. भास्कराचार्यांच्या बीजगणितावर वाढलेल्या या देशातील मुलांना हा मार्ग आपलासा वाटेल, अशी त्यांची दृष्टी होती. कलकत्त्याच्या टीकाकारांनी ग्रंथाची हेटाळणी केली. पुस्तक खपले नाही, पदरचे पैसे गेले. पण त्याची एक प्रत लंडनला ऑगस्टस डी मॉर्गन या थोर गणितज्ञाच्या हाती पडली. ते स्वतः मदुराईत जन्मलेले. त्यांनी त्या ग्रंथाचे मोल ओळखले, कंपनीच्या संचालकांकडे त्याची शिफारस केली, आणि १८५९ साली त्यांच्या प्रस्तावनेसह तो लंडनमध्ये पुन्हा छापला गेला. सरकारने रामचंद्रांना पाच वस्त्रांची खिलत आणि २००० रुपये बक्षीस दिले. त्या प्रस्तावनेत डी मॉर्गन यांनी रामचंद्रांनी स्वतःविषयी लिहून पाठविलेला मजकूर घातला, म्हणून त्यांच्या अंतःकरणाचा प्रवास आज आपल्याला वाचावयास मिळतो.

तो प्रवास बुद्धिवादी मनुष्याचा आहे. देव एक आहे एवढे त्यांना मान्य होते. परंतु कोणत्याही धर्मग्रंथाची गरज त्यांना वाटत नव्हती. सुशिक्षित इंग्रज लोक ख्रिस्ती धर्म केवळ रीत म्हणून पाळतात, मनातून कोणी काही मानीत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. एके दिवशी केवळ कुतूहलाने ते उपासनेच्या वेळी मंदिरात गेले. तेथे त्यांना काही इंग्रज गृहस्थ गुडघे टेकून मनापासून प्रार्थना करताना दिसले. उपदेशाने नव्हे, वादविवादाने नव्हे, तर या एका दृश्याने त्यांची समजूत ढासळली. त्यांनी नवा करार लक्षपूर्वक वाचावयास घेतला. कुराणाचे भाषांतर वाचले, गीता वाचली, ताडून पाहिले. गणिती मनुष्य सिद्धता मिळाल्यावाचून पुढे जात नसतो. दिल्लीचे चॅप्लिन रेव्ह. जेनिंग्ज यांच्याशी त्यांच्या भेटी होऊ लागल्या.

मन वळले तरी पाऊल उचलणे सोपे नव्हते. दिल्ली तेव्हा नावाला का होईना, मोगल बादशहाची राजधानी होती. लाल किल्ल्यात बहादूरशहा होता. कुलीन कायस्थाने, तेही कॉलेजच्या नामांकित शिक्षकाने, ख्रिस्ती व्हावे ही गोष्ट शहराने यापूर्वी पाहिलेली नव्हती. निकदेमासारखे रात्रीचे शिष्यत्व पत्करून रामचंद्रांना सुखाने राहता आले असते. मान, नोकरी, जातगोत सारे टिकले असते. त्यांनी रविवारचा दिवस आणि भर मंडळीची उपासना पत्करली. शहरात एकच खळबळ उडाली. जातीने त्यांना दूर केले. कॉलेजात शिकणारी मुले बाटतील, या भयाने पालक अस्वस्थ झाले. दोनच वर्षांनी, १८५४ साली, आपल्या बेळगावात बाबा पदमनजींनी बाप्तिस्मा घेतला. त्या पिढीतील या मंडळींना घर सोडणे म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. आज आपण जन्माने ख्रिस्ती असलेले लोक बाप्तिस्म्याच्या दिवशी फोटो काढतो व जेवणावळ घालतो. म्हणून ही आठवण मुद्दाम करून द्यावीशी वाटते.

१८५४ साली एस. पी. जी. या संस्थेचे दिल्ली मिशन सुरू झाले. रामचंद्र आणि चिमणलाल हे त्या कोवळ्या मंडळीचे जणू दोन खांब. आणि मग १८५७ चा मे उगवला.

सोमवार, ११ मे रोजी सकाळी मीरतहून आलेले शिपाई यमुनेचा पूल ओलांडून शहरात शिरले. रेव्ह. जेनिंग्ज व त्यांची कन्या किल्ल्यातच मारले गेले. चिमणलाल दर्यागंजमध्ये आपल्या दवाखान्याजवळ सापडले. वर्णाने ते दिल्लीकरच होते, भाषेनेही. ख्रिस्ती असल्याखेरीज त्यांचा दुसरा अपराध नव्हता. मिशनचे रेव्ह. हबर्ड आणि त्यांचे सहकारी मारले गेले. कॉलेजचे प्राचार्य टेलर यांचाही अंत झाला. कॉलेजचा ग्रंथसंग्रह लुटला गेला. इंग्रजी पुस्तकांची पाने फाडून बागेत त्यांचा थर पसरला, शास्त्राची उपकरणे फुटली. ज्या खोलीत रामचंद्रांनी पृथ्वीचे परिभ्रमण शिकविले, तेथे काही शिल्लक राहिले नाही.

रामचंद्रांचा शोध चालूच होता. नातलगांनी त्यांना लपविले. हे नातलग हिंदूच राहिलेले होते आणि पाच वर्षांपूर्वीच्या बाप्तिस्म्याने त्यांचीही बेअब्रू झालेली होती. सापडले असते तर लपविणारांचाही जीव गेला असता. तरी त्यांनी त्यांना दारातून बाहेर ढकलले नाही. ही गोष्ट आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा सांगितली जात नाही, सांगितली पाहिजे. दोनतीन दिवसांनी विश्वासू नोकरांच्या साह्याने वेष पालटून ते शहराबाहेर पडले आणि खेड्यात आश्रयास राहिले. तेथेही धोका पोहोचला, तेव्हा जूनमध्ये ते दिल्लीबाहेरच्या टेकडीवरील इंग्रज छावणीत गेले.

कोणी म्हणेल, यात धैर्य कोठे आले? हा तर पळ काढणे झाले. पौलालाही दिमिष्कात टोपलीत बसवून भिंतीवरून खाली सोडले होते, आणि त्याने ही गोष्ट स्वतःच पत्रात लिहून ठेवली आहे. जीव वाचविणे आणि ख्रिस्ताला नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलमा पढून किंवा जातीत परत जाऊन जीव वाचविण्याची वाट रामचंद्रांनाही मोकळी होती. त्यांनी रानोमाळ फिरणे पत्करले.

छावणीत त्यांना शहरातून येणारी बातमीपत्रे इंग्रजीत उतरविण्याचे काम मिळाले. स्वातंत्र्यानंतर वाढलेल्या आपल्यासारख्या वाचकांना ही गोष्ट टोचते. ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या शहरात आपले मित्र केवळ विश्वासापायी मारले गेले त्या शहरातून निसटलेल्या माणसाने दुसरीकडे कोठे जावयाचे होते, एवढाच प्रश्न मी वाचकांपुढे ठेवतो.

सप्टेंबरात दिल्ली पडली. आणि येथून रामचंद्रांच्या धैर्याचा तो भाग सुरू होतो, ज्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला.

जिंकणाऱ्या सैन्याने शहरावर भयंकर सूड उगविला. रहिवाशांना वेशीबाहेर हाकलण्यात आले. फाशीचे खांब उभे राहिले. घरे लुटली गेली. रस्त्यात दिसणारा प्रत्येक काळा मनुष्य शत्रू ठरला. रामचंद्र आता आपल्या माणसांत परतले होते, असे त्यांना वाटले असावे. राज्य ख्रिस्ती म्हणविणारांचे, सेनाधिकारी ख्रिस्ती म्हणविणारे. ते स्वतः लष्कराच्या प्राइज एजंटांकडे कामाला. एके दिवशी रस्त्याने जात असता एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या डोक्यावर काठीने प्रहार केले. मुजरा केला, तरी मार थांबेना. आपण ख्रिस्ती आहोत, सरकारी कामावर आहोत, असे सांगितल्यावर त्याचा राग शमण्याऐवजी वाढला. हा प्रकार एकदाच घडला असेही नाही. शिवाय त्यांच्या घरावर अधिकारी मंडळी मातीचे कडक गोळे मारीत. घरात बसणेही धोक्याचे झाले.

विचार करा. मंदिरात गुडघे टेकलेल्या इंग्रजांना पाहून हा मनुष्य ख्रिस्ताकडे वळला होता. आता त्याच जातीच्या, त्याच धर्माच्या माणसाच्या हातात काठी होती. अशा वेळी माणसाला दोन भये गाठतात. एक भय गप्प बसविते: तक्रार केली तर आणखी मार बसेल, नोकरी जाईल, बंडखोरांशी संधान असल्याचा आळ येईल, आणि त्या दिवसांत दिल्लीत आळ येण्याचा परिणाम फाशी हा होता. दुसरे भय याहून सूक्ष्म असते. आपण फसलो तर नाही, ज्यासाठी सारे सोडले ते पोकळच निघाले तर, असे ते कानाशी लागून पुटपुटत राहते. पुष्कळांचा विश्वास पहिल्या भयाला पुरून उरतो आणि या दुसऱ्यापुढे मोडतो.

रामचंद्रांनी २७ नोव्हेंबर १८५७ रोजी दिल्लीचे लष्करी गव्हर्नर कर्नल बर्न यांना पत्र लिहिले. घडलेले प्रसंग त्यांनी एकामागून एक, गणिताच्या पायऱ्या मांडाव्या तसे मांडले. मग त्यांनी एक गोष्ट लिहिली, ती मी माझ्या शब्दांत सांगतो. बंडखोरांच्या हातून मरण आले असते तर ख्रिस्तासाठी सोसतो आहोत या जाणिवेने अंतःकरणाला समाधान लाभले असते. परंतु स्वतः ख्रिस्ती असलेल्या अधिकाऱ्यांकडूनच, केवळ जन्म इंग्लंडात नाही आणि कातडी गोरी नाही एवढ्यासाठी, भारतीय ख्रिस्ती माणसाच्या जिवावर बेतत असेल, तर त्या दुःखाला असे कोणतेच समाधान उरत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत जेथे आपण मराठीत बहुधा धैर्य असे भाषांतर करतो, तेथे मूळ ग्रीक शब्द पर्रेसिया असा आहे. त्याचा मूळ अर्थ सगळे बोलून टाकणे, आडपडदा न ठेवता समोर मांडणे. न्यायसभेपुढे उभ्या असलेल्या पेत्रयोहानांचे धैर्य ते हेच. आमच्या भाषांतराच्या बैठकींत या शब्दापाशी मी कितीदा तरी अडलो आहे. धैर्य म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे रणांगण येते, तलवार येते. स्पष्ट बोलणारी जीभ येत नाही. रामचंद्रांचे पत्र वाचल्यापासून मला त्या शब्दाचा अर्थ शब्दकोशाहून अधिक नीट समजू लागला आहे.

फिलिप्पै येथे पौलाला चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले. सकाळी अधिकाऱ्यांनी त्याला गुपचूप निघून जाण्यास सांगितले, तेव्हा तो गेला नाही. आम्हांला उघडपणे मारले, तर आता स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्या, या त्याच्या आग्रहाचे मोठे कारण मागे राहणारी ती लहानशी मंडळी हे असावे. रामचंद्रांच्या पत्रालाही असाच आशय आहे. स्वतःच्या डोक्यावरील जखमेपेक्षा मोठा प्रश्न त्यांनी लष्करी अधिकाऱ्याच्या मेजावर ठेवला: ख्रिस्ताच्या मंडळीत वर्ण पाहावयाचा की नाही? अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर विचारला तोच हा प्रश्न. आपल्या मंडळ्यांत जातीच्या नावाने अजून जे चालते ते पाहिले म्हणजे तो जुना झाला असे म्हणवत नाही.

सूडाची मागणी त्यांनी केली नाही, आणि विश्वासही सोडला नाही. मारणाऱ्याच्या हातून ख्रिस्ताचे मोजमाप करावयाचे नाही, हे त्यांना कळून चुकले होते.

पुढील वृत्तांत थोडक्यात सांगता येईल. १८५८ साली काही महिने ते रुडकीच्या थॉमसन इंजिनियरिंग कॉलेजात शिकवावयास होते. त्याच वर्षी दिल्लीत जिल्हाशाळा निघाली, तिचे ते मुख्याध्यापक झाले. म्हणजे ज्या शहरात मित्र मारले गेले आणि ज्याच्या रस्त्यांवर स्वतः मार खाल्ला, त्याच शहरातील मुलांपुढे खडू घेऊन ते पुन्हा उभे राहिले. १८६३ साली कलनशास्त्रावरील त्यांचे दुसरे इंग्रजी पुस्तक निघाले. प्रकृती साथ देईना म्हणून १८६६ साली त्यांनी निवृत्ती घेतली. पुढे पतियाळाच्या महाराजांचे शिक्षक व १८७० साली त्या संस्थानचे शिक्षणप्रमुख झाले. उत्तरायुष्यात त्यांनी इस्लामवर वादपर पुस्तके लिहिली. त्या काळी असे वाद दोन्ही बाजूंनी चालत. त्यांचा तिखटपणा आज आपल्याला रुचणार नाही, आणि रामचंद्रांचे थोरपण त्या पुस्तकांत आहे असे मला वाटत नाही. ११ ऑगस्ट १८८० रोजी ते निवर्तले.

त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी मुन्शी ज़काउल्ला हे पुढे प्रसिद्धीस आले. इस्लामवर नितांत श्रद्धा असलेल्या या विद्वानाने उर्दूत शंभरावर पुस्तके लिहिली आणि गणिताचे ग्रंथ उर्दूत आणण्याचे गुरूचे काम चालू ठेवले. १९०४ साली सी. एफ. अँड्र्यूज दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात आले, तेव्हा ज़काउल्ला सत्तरी ओलांडलेले होते. जुन्या दिल्लीच्या आठवणी ऐकावयास अँड्र्यूज त्यांच्याकडे जाऊन बसत. जातीने टाकलेला, बंडात लपलेला, साहेबाच्या काठीचा मार खाल्लेला तो ख्रिस्ती शिक्षक जाऊन वीस-पंचवीस वर्षे लोटली होती. वृद्ध मुसलमान शिष्य त्याचे नाव अजून आदराने घेत होता.